मोटरी कुणी निवडल्या

शनिवार, २४ सप्टेंबर २००५

ठरलं. यंत्र करायचं.

घरात ब्रॉडबँड आल्यापासून मी एकच गोष्ट पाहत बसतोय. अमेरिकेत, जर्मनीत माझ्यासारखीच कारकुनी करणारी माणसं घरच्या घरी एक यंत्र बनवतात. खाली लाकडाची फळी, वर फिरतं कटर, आणि संगणक सांगेल तसं ते कटर सरकत जाऊन अक्षरं कोरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतच सरसावून बसलो होतो. इतकी वर्षं मंत्रालयात फायली पुढे ढकलल्या, मागे मागवल्या. माझ्या हातून एखादी वस्तू झाली आहे असं काही आठवत नाही.

पहिलं काय कोरायचं तेही ठरलंय. नेताजी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडात, सेक्टर बासष्टच्या ह्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो त्याला वर्ष झालं. पण दारावर अजून बिल्डरचीच प्लास्टिकची पट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलंय 'श्री रंग अठाले'. आठल्ये हे आडनाव इकडे कुणाला झेपत नाही. विजया म्हणते, "रंग तर रंग. पुढे श्री आहे ना?"

मागची बाल्कनी मला मिळाली. कपड्यांची दोरी मात्र तिथेच राहणार.

आता प्रश्न मोटरींचा. तीन लागतात. एक डावी-उजवीकडे सरकवायला, एक पुढे-मागे, एक वर-खाली. पंख्याची मोटर इथे चालत नाही. स्टेपर लागते. ती भिरभिरत नाही, टप्प्याटप्प्याने फिरते, सांगू तेवढीच, आणि मग जागा घट्ट धरून बसते. पण त्यातही इतके प्रकार, की कुठली घ्यावी ह्यावर इंटरनेटवर लोक हातघाईवर येतात.

शेवटी दस्तगीरला फोन केला. दस्तगीर मुजावर, मूळचा मिरजेचा, एका सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये टेक्निकल ऑफिसर. नेताजी नगरात आमची दारं समोरासमोर होती. आमची लेक केतकी त्यांच्याच घरात रांगायला शिकली. तो अजून तिथेच राहतो. म्हणाला, "अरे श्रीरंग, पन्नाशीला आल्यावर माणसं गुडघ्याला तेल लावतात. तू हे काय काढलंस?" मग लगेच, "काही विकत घेऊ नकोस. मी येतो बरोबर."

शनिवार, १ ऑक्टोबर

लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट. इतकी वर्षं दिल्लीत काढून मी त्या गल्लीत पहिल्यांदाच शिरलो.

मोटरी किलोवर विकतात! बटाट्यासारखा ढीग. जुने प्रिंटर मोडून काढलेल्या. आमच्या सेक्शनला पहिला संगणक आला तेव्हा कपाटाएवढा एक प्रिंटर आला होता आणि त्याची पूजा झाली होती. त्याची आतडी अशी तराजूत पाहून मी थिजलोच.

मला एक मोटर फार आवडली. भरदार, दोन हातांनी उचलावी अशी, बारा व्होल्टची. माझ्याकडे बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे. म्हटलं, जमलं. दस्तगीरने तिची पाटी वाचली आणि परत ढिगावर टाकली.

"वजनावर जाऊ नकोस. बारा व्होल्टची म्हणजे आत बारीक तारेचे पुष्कळ वेढे. करंटला आत शिरायला वेळ लागतो. हळू चालवलीस तर बैलासारखी ओढेल. जोरात चालवायला गेलास की बसकण मारेल."

"मग?"

"तीन व्होल्टवाली बघ. जाड तार, थोडे वेढे. तिला चोवीस व्होल्ट द्यायचे."

"तीनच्या मोटरला चोवीस? जळेल की."

"करंट आवरून दिलास तर नाही जळणार. घोडा जोरदार हवा आणि लगाम आपल्या हातात."

दुकानदार हसून म्हणाला, "भाईसाहब सही बोल रहे हैं." मला ते काही आवडलं नाही. मी ती बारा व्होल्टचीच घेतली. यंत्र माझं आहे, मोटर मी निवडणार.

रविवार, ९ ऑक्टोबर

आज चाचणी. दस्तगीरचे रोजे सुरू झालेत, तरी स्कूटरवरून एवढ्या लांब आला.

मोटर बाल्कनीच्या कठड्याला शिकंज्याने आवळली. दांड्यावर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला पाण्याने भरलेली मोठी बाटली. संगणकातून हळू हुकूम दिला. बाटली डौलात वर! मी दस्तगीरकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता वेग वाढव." वाढवला. मोटर किंचाळली, थरथरली आणि एकदम मेली. बाटली फरशीवर अशी आदळली की बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. विजया स्वयंपाकघरातून धावत आली.

खालच्या मजल्यावरचे भल्लाही आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सगळीकडे पसरलेल्या तारा बघत उभे राहिले. हे काय, ते काय, सामान कुठून आणलं, सगळं विचारलं. मग दस्तगीरकडे बघून, "और आप?"

मी ओळख करून दिली. "मुजावर साहब. इस सबके गुरू यही हैं."

"मुजावर," भल्ला म्हणाले. "ये कौन होते हैं?"

"हमारे महाराष्ट्र के," मी म्हटलं.

भल्लांना यंत्रांची इतकी आवड असेल असं वाटलं नव्हतं. जाताना दारातून दोनदा वळून पाहिलं त्यांनी. दस्तगीर मात्र नंतर गप्प झाला आणि लवकर निघाला. रोज्याचा थकवा असणार.

रविवार, १६ ऑक्टोबर

मी हरलो आणि मला आनंद झाला!

दस्तगीरने सीलमपूरच्या एका भंगारवाल्याकडून तीन व्होल्टच्या तीन मोटरी शोधून आणल्या. तिन्ही जुळ्या. "वेगवेगळ्या घेतल्यास तर प्रत्येकीचा स्वभाव सांभाळत बसशील," म्हणाला. चोवीस व्होल्टचा सप्लाय आणि करंट आवरणारं सर्किट त्याने घरच्या पेटीतून आणलं. वेग वाढवला, आणखी वाढवला, मोटर डगमगली नाही. थांबवल्यावर मी बोटांनी दांडा फिरवायला गेलो. जागचा हलेना. एवढीशी वस्तू आणि ही पकड! पाच मिनिटांनी हात लावला तर चटका बसला. मी घाबरलो. तो म्हणाला, "ह्यांचं अंग तापलेलंच असतं. काळजी नको."

गेटवर म्हणे चौकीदाराने त्याला खोकं उघडायला लावलं, प्रत्येक वस्तू बाहेर काढून दाखवायला लावली. मी म्हटलं, चला, सोसायटीत शिस्त येतेय. विजया म्हणाली, "मागच्या आठवड्यात वरच्यांचं अख्खं कपाट चढलं वर. ते कुणी उघडून पाहिलं?" ही प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढते.

सूर्यास्ताला तो निघत होता, विजयाने अडवलं. घरात खजूर होता आणि साबुदाणा भिजवलेला होता. दस्तगीर वडा खात म्हणाला, "वहिनी, उपासाच्या पदार्थावर रोजा सोडणारा अख्ख्या दिल्लीत मी एकटाच असेन." केतकी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मोटरी आणि सगळं सामान खोक्यातच बाल्कनीत ठेवलंय. दिवाळीनंतर सांगाडा जोडायला घेऊ.

रविवार, ३० ऑक्टोबर



काल संध्याकाळी केतकी सरोजिनी नगरला होती. दिवाळीचा कुर्ता घ्यायचा होता. बरोबर येणारी मैत्रीण आयत्या वेळी आलीच नाही, म्हणून एकटीच. टीव्हीवर खाली पट्टी धावायला लागली. पहाडगंजला स्फोट. मग सरोजिनी नगर. मग धूर आणि धावणारी माणसं. तिचा फोन लागत नव्हता. कुणाचाच लागत नव्हता. मी किल्ली घेऊन खाली गेलो, गाडीत बसलो आणि कुठे जायचं तेच सुचेना. परत वर आलो. विजया टीव्हीच्या अगदी जवळ उभी राहून प्रत्येक चेहरा बघत होती.

मग घरातला फोन वाजला. दस्तगीर. "केतकी घरी आहे ना?" मी काय बोललो आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, "मी जातो. तू फोनपासून हलू नकोस."

रोजा सोडायला बसलेला माणूस ताटावरून उठून गेला. तिथे त्याने आधी काय पाहिलं, किती जणांना उचलून रिक्षांत घातलं, ते त्याने सांगितलं नाही. केतकी त्याला मार्केटच्या मागच्या रस्त्यावर सापडली, एका बंद दुकानाच्या पायरीवर. एक चप्पल नव्हती. अंगावर ओरखडाही नाही. त्याने हाक मारली तर तिने ओळखलं नाही म्हणे.

रिक्षाने घेऊन आला तिला. दारात दोघं उभे होते. त्याचा शर्ट बघून विजयाने तोंडावर हात दाबला. "माझं नाही हे वहिनी," तो म्हणाला. माझा शर्ट घालून, घोटभर पाणी पिऊन लगेच निघाला. घरी त्याची बायको, शमीमवहिनी, एकट्या होत्या.

त्याला जिना उतरताना पाहिलं आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

केतकी कालपासून एकच वाक्य बोलली आहे. "बाबा, तिथे एका बाईच्या हातात माझ्यासारखाच कुर्ता होता."

मंगळवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. एक समई लावली. सोसायटीत फटाके नाहीत.

सकाळी भल्लांनी बैठक घेतली. अनोळखी माणसं, संशयास्पद वस्तू, काहीही दिसलं तरी कळवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बुधवार, २ नोव्हेंबर

आज आमच्या घरी पोलीस आले. माझ्या घरी. चार दिवसांपूर्वी माझी मुलगी ज्यातून वाचली, त्याच्याशी माझा संबंध आहे का ते बघायला.

विजया केतकीला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. बेल वाजली. इन्स्पेक्टर, दोन शिपाई, मागे भल्ला. "बस, रूटीन है आठल्ये साहब," भल्ला म्हणाले. पण माझ्याकडे बघत नव्हते. सगळे सरळ बाल्कनीत गेले. कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. खोकं उघडलं. मोटरी, तारांची भेंडोळी, सर्किट, पॉवर सप्लाय. इन्स्पेक्टरने एक मोटर हातात घेतली. मला पहिल्यांदाच ते खोकं त्याच्या डोळ्यांनी दिसलं.

चौकीत नेलं. तिथे मी ओळखपत्र दाखवलं, यंत्राचं सांगितलं. अक्षरं कोरणारं यंत्र. इन्स्पेक्टर लिहून घेत होता.

"ये सामान आपका है?"

"जी, लाए मुजावर साहब थे."

"ये मोटरें आपने चुनीं?"

"नहीं, उन्होंने. मुझे इतना नहीं आता."

"मतलब ठीक-ठीक किस काम आ सकती हैं, ये वो बताएँगे."

"जी. वो पूरा बता सकते हैं."

खरं तेच सांगितलं मी. एक अक्षर जास्त नाही. तासाभरात सोडलं, वर चहा दिला. सभ्य वाटले लोक. खोकं त्यांच्याकडेच आहे. घरी आलो तेव्हा अंगातला शर्ट पिळून काढावा इतका ओला होता.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

सकाळी शमीमवहिनींचा फोन. "श्रीरंगभावजी, ह्यांना घेऊन गेले. दोन माणसं आली होती. नोएडाच्या सामानाबद्दल विचारायचंय म्हणाली. कसलं सामान? तुम्हाला माहीत आहे काही?"

मी म्हटलं, चौकशी असेल. मलाही बोलावलं होतं. तासात सोडलं.

"मग ह्यांनाही सोडतील ना तासात?"

"सोडतील."

"तुम्ही जाता का तिथे? आज नाहीतर उद्या चंद्र दिसेल हो."

"बघतो," म्हटलं.

संध्याकाळी परत फोन. अजून सोडलेलं नाही. हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. मला सोडलं आणि त्याला का नाही? तो तर माझ्यापेक्षा नीट समजावून सांगू शकतो.

विजया समोर येऊन बसली. "अहो, तुम्ही पोलिसांना नक्की काय सांगितलंत?"

"जे खरं ते."

"म्हणजे काय?"

सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग, "आणि शनिवारी केतकीला घरी कुणी आणलं, ते सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

ऑफिसात अंडर सेक्रेटरींना खाजगीत विचारलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, आठल्ये, तुम्ही सरकारी नोकर आहात, लेखी काही देऊ नका, मध्ये पडू नका, निर्दोष असेल तर सुटेलच. अनुभवी माणूस आहे. मला पटलं. आपण गेलो तर उलट दोघांवरचा संशय वाढायचा. घरी हे सांगितलं तर केतकी ताटावरून उठली. आठवडाभर ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती ओरडली, "बाबा, काकांनी आधी अंडर सेक्रेटरीला विचारलं होतं का?"

शनिवार, ५ नोव्हेंबर

आज सगळं नीट लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

दूध आणि भाजी घेऊन परत आलो तर घराला कुलूप. चौकीदार म्हणाला, "मैडम और बिटिया ऑटो से गईं. थाना पूछ रही थीं." भाजीची पिशवी त्याच्याच हातात देऊन मी गाडी काढली.

ठाण्यात विजया बाकावर ताठ बसली होती, तिने दिवाळीची साडी नेसली होती. केतकी इन्स्पेक्टरच्या टेबलापुढे उभी राहून बोलत होती. गेल्या शनिवारी काय झालं, काका कुठून आले, शर्टावर रक्त कसं आलं. आवाज कापत होता पण थांबत नव्हता. इन्स्पेक्टर ऐकून घेत होता. मग माझ्याकडे लक्ष गेलं.

"आ गए आप. देखिए, आपकी बिटिया कुछ और कह रही है." त्याने फाइल उघडली आणि माझा जबाब मोठ्याने वाचला. सामान मुजावर का लाया हुआ है. मोटरें मुजावर ने चुनीं. किस काम आ सकती हैं, वही बता सकते हैं.

एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या खोलीत, माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या समोर ते ऐकताना मला असं वाटलं की खालची सही कुणा दुसऱ्याच माणसाची आहे. भीतीपोटी, स्वतःची मान सोडवायला केलेली. बुधवारी मला हे दिसलं नव्हतं. खरंच दिसलं नव्हतं का? विजया माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मी म्हटलं, "ये ग़लत लिखवाया मैंने. मशीन मेरी है. मँगवाया मैंने. मोटरें भी मैंने चुनीं."

सरकारी कागदावर आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो.

"आपने?" इन्स्पेक्टर हसला. "उस दिन तो आपको आता नहीं था. मुजावर तो सब बता चुका, अब आप बताइए, बारह वोल्ट छोड़के तीन वोल्ट की क्यों लीं?"

खोकं कोपऱ्यातच होतं. मी खाली बसलो आणि दस्तगीरने जसं मला समजावलं होतं तसं सांगायला लागलो. बारीक तार, जाड तार, करंटला आत शिरायला लागणारा वेळ, लगाम. जीभ अडखळत होती. त्याला कंटाळा येतोय हे दिसत होतं. मग दस्तगीरने गंमत म्हणून दाखवलेलं एक आठवलं. मी एक मोटर काढून त्याच्या हातात दिली. "घुमाइए." दांडा सहज फिरला. मग तिच्या तारांच्या जोड्या टोकाला टोक लावून पिळल्या. "अब घुमाइए."

दांडा जड झाला होता. बॅटरी नाही, वायर कुठे जोडलेली नाही, आणि जणू आतून कुणी धरून ठेवलंय. त्याने तारा सोडवल्या, परत जोडल्या, परत फिरवून पाहिला. मग हवालदाराला बोलावलं, "ये देख यार." दोघं लहान मुलांसारखे फिरवत बसले. आणि ज्या माणसाच्या ज्ञानावर ते खेळत होते तो आत कुठल्यातरी खोलीत होता.

"ठीक है," शेवटी इन्स्पेक्टर म्हणाला. "नया बयान लिखिए." लिहिला. केतकीनेही लिहिला. सही करताना माझा हात स्थिर होता, ह्याचंच मला आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी शमीमवहिनींनी विजयाला फोन करून सांगितलं. घरी आलेत.

ठाण्यातून गाडीने परतत होतो तेव्हा पूल ओलांडताना विजया म्हणाली, "गेल्या शनिवारी त्यांनी मला 'माझं नाही हे वहिनी' म्हणून सांगितलं. रक्ताबद्दल. आपण घाबरू नये म्हणून."

मंगळवार, ८ नोव्हेंबर

भल्लांच्या दारावरची बेल वाजवली. सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, मिठाईचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "चलो, सब ठीक हो गया ना? आप तो हमारे अपने हैं." बर्फी तोंडात घालून वर आलो आणि बेसिनमध्ये थुंकलो.

रविवार, १३ नोव्हेंबर

दस्तगीरकडे गेलो. विजया आणि केतकी गुरुवारीच जाऊन आल्या होत्या. मी बरोबर येतो म्हटलं तर विजया म्हणाली, "तुम्ही तुमचे जा."

पोलिसांनी खोकं परत दिलं होतं, ते घेऊन गेलो. बेल वाजवली. त्यानेच दार उघडलं. आठवड्यात इतका बारीक झालाय. उजव्या हाताला पट्टी.

"अरे, हाताला काय झालं?"

"कुछ नहीं. दरवाज़े में आ गया."

मला वाटलं बाहेर कुणी आहे म्हणून हिंदीत बोलतोय. वळून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

मी बोलायला सुरुवात केली. रस्त्यात जुळवलेलं सगळं. दस्तगीर, मी घाबरलो होतो. दस्तगीर, मला कळलं नाही त्यांनी त्याचा असा अर्थ… मग मी परत गेलो होतो, नवीन जबाब दिला, मोटरी मीच निवडल्या असं लिहून दिलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दार अर्धंच उघडं होतं.

"मुझे बताया नहीं गया," तो म्हणाला. "मुझे पहला वाला पढ़कर सुनाया था. रोज़ सुनाते थे."

मी खोकं पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"रखिए आप. मोटरें अच्छी हैं. वही लगाइए. बस करंट की सेटिंग कम से शुरू कीजिएगा, एकदम पूरा मत दीजिएगा. गरम होंगी, उससे घबराइएगा नहीं." इतकं नीट, इतकं सविस्तर सांगितलं. एखाद्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मग म्हणाला की हैदराबादला बदलीचा अर्ज दिलाय, बहुधा होईल. ऑफिसनेही खुलासा मागितलाय.

आतून शमीमवहिनींचा आवाज आला. "कोण आलंय हो?"

त्याने मान वळवली आणि मराठीत म्हणाला, "कुणी नाही गं. नोएडाचे एक गृहस्थ आहेत."

मग माझ्याकडे वळून, "अच्छा जी." दार लावलं. आपटलं नाही. अगदी हळू लावलं.

खोकं उचलून गाडीपर्यंत कसा आलो ते माहीत नाही. बराच वेळ गाडीत बसून होतो. समोर आमच्या जुन्या क्वार्टरच्या दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. मला राग येईल असं वाटलं होतं, किंवा रडू. काहीच आलं नाही.

घरी आलो. विजया भाजी चिरत होती. तिने वर न बघता विचारलं, "भेटले?"

"हो."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगितला. दरवाज़े में आ गया. पहला वाला पढ़कर सुनाया था. रखिए आप.

विळीवरचा तिचा हात थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"तुमच्याशी?" ती म्हणाली. "हिंदीत?"